बाळांना मळा दाखवू या



बालवाडीची चिमणी बाळे मे महिन्यात मळ्यावर न्यायची म्हटले, की आयांच्या पोटात गोळा येतो. नागपूरचे ऊन, भीती खोटी नव्हे. म्हणून पहाटे निघावे, नवाच्या आत सदरला परतावे. टोपी, पाणी आणि खिशात कांदा! (तेवढेच आजीचे समाधान.)

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघांनी पाने, बिया, खडे हेच शिकवण्याचे साहित्य केले. आपल्याकडे तर संत्र्याचे मळे! मृगबहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडतात. पाने मलूल होतात. ‘झाडाला ताप आला?’ असे एखादे बाळ विचारील. त्याला सांगावे, तहान लागली आहे. पाऊस आला की फुलेल.

विहिरीपाशी मात्र दोघी आया सतत उभ्या हव्यात. त्यांची नावे आजच लिहून घेऊ.