एका दाताचा हिशेब



या पटांगणात मी आजवर नेहमी त्या मागच्या भिंतीला टेकून बसत आलो. व्यासपीठावर बोलावतील असे कधी मनात आले नव्हते. चिटणीसांनी 'कामगार कायदे' हा विषय सुचवला होता. मी म्हटले, मी दातावर बोलतो. त्यांना थट्टा वाटली. पण कायद्यापर्यंत मी पोचलो तो एका दाताच्या वाटेने, आणि त्याच दाताने गेले वर्षभर पुन्हा माझी झोप उडवली आहे. तेव्हा दोन्ही विषय एकाच तासात होतील.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे मी फिरत्या पाळीच्या मधल्या वेळात, जुन्या बाजारातल्या पुस्तकांवर केले. 1998 साली मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे फिटरचा मदतनीस होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. कंत्राटदारही आज हयात नाही. रात्रपाळीला एका गंजलेल्या फ्लँजचा नट सोडवताना पाना सटकला आणि त्याचे टोक माझ्या तोंडावर बसले. वरचा पुढचा दात मुळासकट हातात आला. मुकादमाने कापूस दिला, पन्नासाची नोट दिली आणि सकाळी हजेरी पूर्ण लावतो म्हणाला. मी त्याचे आभार मानले. होय, आभार मानले! हे सांगताना आजही मला लाज वाटते, पण झाले ते असे झाले.

चार वर्षांनी एका वकिलांच्या कचेरीत मला 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा वाचायला मिळाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात माणसाच्या अवयवांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे आकडा. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा 30 गेली, तर्जनी मुळापासून गेली तर 14, मधले बोट 12. पायाच्या बोटांचेही आकडे आहेत. मी बोट ठेवून ठेवून दात शोधला. दात नाही. यादीत नसलेल्या इजेला भरपाईच नाही असे नव्हे. पण तिथे कमाईची शक्ती किती घटली हे डॉक्टरने ठरवायचे असते. दात गेल्याने फिटर नट कमी आवळतो, असे कोणता डॉक्टर लिहून देईल? शिवाय दावा दोन वर्षांच्या आत करायचा होता, आणि माझी चार उलटली होती. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. यादी मात्र तीच राहिली.

गंमत पुढेच आहे. त्याच कचेरीत भारतीय दंडविधान होते. 1860 च्या त्या कायद्यात कलम 320 खाली 'जबर दुखापत' कशाला म्हणावे ते सांगितले आहे, आणि त्यात हाड मोडणे किंवा दात मोडणे, निखळणे हे चक्क एका ओळीत आहे. 2024 पासून दंडविधानाच्या जागी न्याय संहिता आली, तिच्यातही कलम 116 मध्ये दाताची जागा कायम आहे. म्हणजे मुकादमाने मला ठोसा मारून दात पाडला असता तर ती जबर दुखापत. त्याने दिलेल्या झिजलेल्या पान्याने पाडला तर ती काहीच नाही. त्या दिवशी मी कचेरीतून निघालो तो थेट युनियनच्या खोलीवर गेलो. पुढची वीस-बावीस वर्षे तिथेच आहे.

दाताचे मात्र मी काही केले नाही. बोईसरला एका दंतवैद्याकडून तारेच्या आकड्यांची, टाळूला चिकटणारी कवळी करून घेतली. ती कवळी आणि मी यांचा संसार काही सुखाचा झाला नाही. सुका बोंबील भाजून खावा तर काटा तिच्याखाली जाऊन बसतो. तांदळाची भाकरी चिकटते. आणि गेटवरच्या सभेत आवाज चढला की ती सुटते. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, करार संपलेल्या एका कारखान्याच्या गेटवर, दोनशे माणसांसमोर 'संघटना' हा शब्द उच्चारताना ती बाहेर आली आणि चिखलात पडली. व्यवस्थापनाचे लोक गच्चीवरून पाहत होते. माणसे हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. एका पोराने खाली वाकून ती उचलली, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, आम्ही वर्गणी काढतो."

मालकांपुढे दातांच्या कण्या करण्यात माझे आयुष्य गेले. त्याच दातासाठी कंत्राटी पोरांनी वर्गणी काढायची? मी नाही म्हटले. पण त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पोरांचे पैसे नको म्हणालात ते ठीक. पण दात नको, असे कुठे म्हणालात?"

तेव्हा मी वाचायला बसलो. मला एवढी एकच विद्या येते.

गेलेल्या दाताच्या जागी काय करता येते? कवळीचे सांगितलेच. दुसरा उपाय ब्रिजचा, म्हणजे शेजारचे दोन दात कानस मारल्यासारखे घासून लहान करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधला खोटा दात त्यांच्या खांद्यावर टांगायचा. चांगला ब्रिज पुष्कळ वर्षे टिकतो. पण एका गेलेल्यासाठी दोन धडधाकट दातांची साल काढायची, हे माझ्या मनाला पटेना. शेजाऱ्यांवर बोजा टाकून भागवलेले काम ठेकेदारीत मी रोज पाहतो.

तिसरा उपाय दंतरोपणाचा, ज्याला सगळे इम्प्लांट म्हणतात. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे एक डॉक्टर होते. 1952 साली ते हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची बारीक दुर्बीण-नळी बसवीत. प्रयोग संपल्यावर नळी महागाची म्हणून काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला असे धरून बसले होते की दोन्ही वेगळी होत नव्हती. एखाद्याने चिडून नळी मोडून टाकली असती. त्यांनी विचार केला की हाड जर याला आपले मानत असेल तर याच्यावर दात का उभा राहू नये? 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे खिळे बसवले. त्या माणसाचे नाव गोस्टा लार्सन. जन्मतः टाळू दुभंगलेली, खालच्या जबड्यात दात नाहीत. 2006 साली तो वारला तेव्हा, चाळीस वर्षांनंतर, ते खिळे जागेवर होते. दंतवैद्यांच्या जगाने मात्र ब्रोनेमार्कना पुष्कळ वर्षे हसण्यावारी नेले. 1982 मध्ये कॅनडात टोरंटोच्या परिषदेनंतर लोक ऐकू लागले. नवा विचार मान्य व्हायला तीस वर्षे लागतात, हे आम्हा चळवळीतल्या माणसांना नवे नाही.

टायटॅनियमही आपल्याला परके नाही. रसायनांच्या कारखान्यांत जिथे पोलाद खाल्ले जाते तिथे या धातूची उपकरणे वापरतात. आणि तो ज्या इल्मेनाइट खनिजापासून मिळतो ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. आपल्या नवापूरच्या किनाऱ्याला मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याची वाहिनी आली आणि मासा दूर गेला. असो, तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे. मला बोलावलेत तर येईन.

वसई-विरारच्या बाजूच्या एका दवाखान्यात मी गेलो. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल 2013 साली आली म्हणून हे जाणेयेणे मला परवडते. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी जबड्याचा स्कॅन काढला आणि पडद्यावर दाखवला. दात गेला की त्याखालचे हाड कामावाचून राहते आणि झिजू लागते. सर्वांत जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. माझी तर सत्तावीस वर्षे गेली होती. "काका, इथे रुंदी चार मिलिमीटर उरली आहे," त्या म्हणाल्या. खिळा साडेतीन मिलिमीटरचा, त्याच्या दोन्ही अंगांना निदान एकेक मिलिमीटर हाड हवे. म्हणजे आधी हाडाची भुकटी भरून जागा रुंद करायची, काही महिने थांबायचे, मग खिळा, पुन्हा तीन-चार महिने थांबायचे, मग वरची टोपी. एकूण सांगितलेला आकडा 52,000 रुपये. बेकार बसलेल्या हाडाची ही किंमत. दात गेला त्याच वर्षी हा उपाय मला ठाऊक असता आणि परवडला असता, तर भुकटीचा खर्च लागला नसता. पण ज्याला पन्नासाची नोट मिळाली त्याला तो परवडणार कसा?

मी विचारले, टिकेल किती? त्या म्हणाल्या, दहा वर्षांनी शंभरातले नव्वदाहून जास्त जागेवर असतात. पण तोंड स्वच्छ ठेवणाऱ्यांचे. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत आणि साखर ताब्यात नसणाऱ्यांत निकामी होण्याचे प्रमाण वाढते. खिळ्याला कीड लागत नाही, परंतु भोवतालची हिरडी सडू शकते आणि हाड खाऊ शकते. माझ्या खिशात तेव्हा तंबाखूची पुडी होती. त्यांनी मागितली नाही, पण खिशाकडे पाहिले.

घरी येऊन दीड महिना मी निर्णय केला नाही. खरी अडचण पैशाची नव्हती. फंडातले थोडे पैसे होते. अडचण ही की 52,000 म्हणजे मी ज्यांच्यासाठी भांडतो त्या कंत्राटी पोराचे चार महिने. पुढाऱ्याच्या तोंडात चार महिन्यांचा पगार! विरोधी युनियनवाले काय म्हणतील याची भाषणे मी मनातल्या मनात करून पाहिली, आणि ती माझ्या भाषणांपेक्षा चांगली होत होती. शिवाय लहानपणापासून ऐकलेले होतेच, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. गरिबाने यातले एकच मागावे, असे मलाही कुठेतरी वाटत होते.

मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, 1933 पासूनचे. तिथे एका सोबत्याला घेऊन गेलो होतो. सकाळच्या रांगेत सगळा पश्चिम किनारा उभा होता, विरारपासूनचे, पालघरपासूनचे, तोंडाला रुमाल लावलेले. त्यात आमच्याच वसाहतीतला एक वेल्डर भेटला. चाळिशीचा माणूस, खालच्या दोन्ही दाढा गेलेल्या. मला म्हणाला, "तुम्ही काय करता ते बघून मी ठरवतो." मी गप्प राहिलो. मी कवळीवर राहिलो तर तोही राहणार, आणि वर त्याला वाटणार की युनियनच्या काकांना यात काही गैर दिसले नाही.

मी तंबाखू सोडली, मार्गशीर्षात. साखर तपासली, ती काठावर होती, उतरवली. माघात भुकटी भरून झाली. पैसे माझ्या फंडातले आहेत. पावती युनियनच्या खोलीत फळ्यावर लावली आहे, ज्याला पाहायची त्याने पाहावी. खिळा श्रावणात बसेल. तोवर कवळीच आहे, आणि आज ती पडली नाही हे आपण पाहतच आहात.

आणखी एक काम केले. तीन कारखान्यांना यंदा दिलेल्या मागणीपत्रात एक कलम घातले आहे: कामावर झालेल्या अपघातात दात गेल्यास त्याची जागा भरून देण्याचा खर्च कारखान्याने, कंत्राटी कामगारासह, सोसावा, आणि उपाय कोणता तो कामगाराने डॉक्टरच्या सल्ल्याने निवडावा. एका व्यवस्थापकांनी विचारले, "दातासाठी वेगळे कलम कशाला?" मी त्यांच्यापुढे कवळी काढून टेबलावर ठेवली. ते उठून पाणी प्यायला गेले. बोलण्यांची पुढची तारीख या महिन्याच्या अखेरीस आहे.