आकाशातील वाटा कोणाच्या हिशोबाने?

(आटपाडी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या माणदेशात एस.टी.ची वाट पाहण्यात माणसाचा निम्मा दिवस जातो, तेथे विमानांच्या मार्गांवर भाषण कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांचा विमानाशी संबंध मान वर करून पाहण्यापुरताच आहे, त्यांनाच तापत्या हवामानाची झळ अधिक सोसावी लागते. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

विमानाचे एक किलो इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ही उघड बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, उंचावरील अतिथंड व दमट हवेत इंजिनातील बाष्प काजळीच्या कणांवर गोठते आणि विमानामागे पांढरी रेघ उमटते. कोरड्या हवेत ती लगेच विरते; दमट थरात मात्र ती पसरून तिचे तासन्‌तास टिकणारे ढग होतात. दिवसा हे ढग थोडे ऊन परतवतात. रात्री ते केवळ पांघरुणाचे काम करतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे मानवनिर्मित तापमानवाढीत विमान वाहतुकीचा वाटा सुमारे साडेतीन टक्के असून, त्यातील निम्म्याहून अधिक भाग कार्बनेतर, मुख्यतः या ढगांचा आहे.

हे दमट थर बहुधा पातळ असतात. उड्डाणाची उंची थोडी बदलली तरी ते टाळता येतात. गूगल व अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० चाचणी-उड्डाणांचा प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाले. मार्ग बदललेल्या उड्डाणांच्या रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या, इंधन मात्र सुमारे दोन टक्के जादा लागले. कार्बन शतकानुशतके राहतो, ढग काही तासांत जातो. म्हणून सरसकट सर्व विमाने वळविणे शहाणपणाचे नव्हे. ढगांची बरीचशी ऊब थोड्याच उड्डाणांतून येते. तेवढीच निवडून वळवावीत.

कंपन्या हे आपण होऊन करतील काय? त्यांचा मार्ग इंधन, वेळ व हवाई शुल्क यांवर ठरतो. जादा इंधनाचा खर्च कंपनीच्या वहीत पडतो. ढगाचा खर्च कोणाच्याच वहीत पडत नाही, तो जगावर पडतो. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितले की, देशाचे केवळ ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणाने उपलब्ध आहे. निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. मार्ग सरळ झाले तर कार्बनही घटेल. त्याचे स्वागतच आहे. परंतु तेथे कंपनीचे हित व समाजाचे हित एकाच दिशेला होते. ते वेगळे होतात, तेथेच धोरणाची खरी परीक्षा असते.

एअर इंडिया २०२२ साली खाजगी झाली. तरीही हवाई मार्गांचे नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडे व हवामानाचा अंदाज भारतीय हवामान विभागाकडे, म्हणजे सार्वजनिक हातातच आहे. या दोघांनी मिळून रात्रीच्या उड्डाणांवर असा प्रयोग करावा आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत. युरोपीय संघाने २०२५ पासून कंपन्यांना कार्बनेतर परिणामांची नोंद ठेवणे भाग पाडले आहे. तसा नियम येथेही हवा. जादा इंधनाचा भार तिकिटावर पडावा, सरकारी तिजोरीवर नव्हे.

मात्र मार्गबदल म्हणजे हवे तितके उडण्याचा परवाना नव्हे. जवळच्या प्रवासासाठी रेल्वे व एस.टी. सुधारणे हे काम उरतेच.

क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली याच आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. नदीचे पाणी वरच्या अंगाच्या बागायतदाराचे नव्हे, सर्वांचे आहे, ही समन्यायी वाटपाची भूमिका येथील दुष्काळग्रस्तांनी चळवळीतून मांडली. आकाशही तसेच सामाईक आहे. त्याच्या वापराचा हिशोब मागण्याचा हक्क विमानात बसणाऱ्यांइतकाच न बसणाऱ्यांनाही आहे, आणि तो मागण्याचे काम आपले आहे.