पाहुणे येण्याआधी ठरवायच्या गोष्टी

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृह, बालवाडी आणि आरोग्य शिबिरांचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, म्हणून तो वाचून दाखवत नाही. आज एकाच गोष्टीबद्दल बोलतो. जव्हार-मोखाडा भागातल्या आमच्या एका पाड्याने येत्या पावसाळ्यात रानभाज्यांचा एक दिवस भरवायचे मनावर घेतले आहे. शहरातून पाहुणे बोलवायचे, त्यांना रानात फिरवून भाज्या दाखवायच्या आणि चुलीवरचे जेवण पैसे घेऊन वाढायचे. ग्रामसभेत ठराव अजून व्हायचा आहे. बातमी मात्र तुमच्यापर्यंत आधीच पोहोचली आणि मला फोन आले. काहींनी विचारले, मिशनने हे हॉटेलचे काम कधीपासून सुरू केले? एका वडीलधाऱ्या बंधूंनी काळजीने विचारले की, या निमित्ताने आपण आपल्या लोकांना जुन्या देवकार्याकडे परत नेत नाही ना? दोन्ही प्रश्न मला रास्त वाटतात.

आधी पैशाचे बोलू. जव्हारला लोक पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणत आले आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी दाभोसा धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या पाड्यावरूनच जातात. त्यातले लोक धबधबा बघतात, फोटो काढतात, घरून आणलेले खातात आणि रिकामी पाकिटे टाकून परत जातात. पर्यटन आमच्याकडे आहेच, पण त्यातला रुपया पाड्यावर उतरत नाही.

आणि हेच दिवस आमच्याकडे टंचाईचे असतात. आवणी चालू असते, घरातली नागली संपत आलेली असते, नवे भात दिवाळीच्या आसपास हाती येणार असते. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हा हा भाग सगळ्या देशाला ठाऊक झाला. त्यानंतर पुष्कळ सुधारले, हे मी रोज पाहतो. तरी आषाढ-श्रावणात पैशाची जी चणचण असते ती अजून आहे. मग वीटभट्टीच्या शेठकडून उचल घेतली जाते. ती एकदा घेतली की दिवाळीनंतर सगळे कुटुंब भिवंडी-वसईकडे भट्टीवर जाते आणि आमच्या शाळेतली मुले वर्गातून नाहीशी होतात. म्हणून ऑगस्टमध्ये एखाद्या बाईच्या हातात पडलेले दोन हजार रुपये आणि जानेवारीत पडलेले दोन हजार रुपये सारखे नसतात. एका दिवसाच्या जेवणाने वीटभट्टी सुटेल असे मी म्हणत नाही. चार-पाच घरांची यंदाची उचल टळली तरी मला ते पुरेसे आहे.

आता दुसरा प्रश्न, ओळखीचा. यासाठी तुम्हाला जरा दूर, नागालँडला नेतो. तिथे 2000 साली सुरू झालेला हॉर्नबिल महोत्सव 1 डिसेंबरपासून कोहिमाजवळच्या किसामा गावात भरतो. 1 डिसेंबर हा त्या राज्याचा स्थापना दिवस. 2011 च्या जनगणनेनुसार नागालँडमध्ये शंभरात सत्त्याऐंशीहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. तेच लोक आपल्या जमातीच्या पोशाखात, आपापल्या मोरुंगमध्ये, म्हणजे जुन्या काळी तरुण मुले जिथे राहून शिकत त्या घरांच्या नमुन्यांत, पाहुण्यांचे स्वागत करतात. तिथल्या मंडळ्यांनाही दारूची आणि धांगडधिंग्याची चिंता आहे. पण ख्रिस्ती झालो म्हणून आपण अंगामी किंवा आओ राहिलो नाही, असे तिथे कोणी म्हणत नाही. आमच्या वसतिगृहातल्या मुलीने वारली म्हणवून घ्यायला का लाजावे?

हॉर्नबिल मोठा आहे आणि सरकारने उभा केलेला आहे. आपल्या जवळचे उदाहरण वेगळे आहे, अकोले तालुक्यातले काजवे. भंडारदऱ्याच्या बाजूला मे अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत झाडेच्या झाडे लखलखतात. महादेव कोळ्यांच्या त्या गावांतल्या अनेक घरांना काजवा महोत्सवामुळे जेवणाचे, मुक्कामाचे, वाटाड्याचे चार पैसे मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण काजवे एकमेकांना उजेडानेच बोलावतात, आणि हजारो गाड्यांचे दिवे त्यांच्या झाडांवर पडू लागले. त्यांच्या अळ्या जमिनीत वाढतात, आणि तीच जमीन पायाखाली तुडवली जाऊ लागली. शेवटी वनखात्याला वेळेचे, गाड्यांचे, टॉर्चचे नियम घालावे लागले. जे पाहायला लोक येतात तेच त्यांच्या येण्याने संपू शकते, हे आमच्या बायांना काजव्यांवरून चटकन समजले. लगेच एकीने विचारले, मग बांबूच्या कोंबांचे काय? चाळीस माणसांच्या भाजीसाठी सगळे कोंब काढले तर पुढे बेट वाढेल कशाने? कोणत्या बेटातून किती कोंब घ्यायचे आणि कोणत्या बेटाला हात लावायचा नाही, हे त्याच बैठकीत ठरले. यात मी काही शिकवलेले नाही.

चाळीस हा आकडाही बायांचाच. शाळेची दोन शौचालये, उकळून गाळून देता येईल एवढे पाणी आणि चार चुली, यांच्यावर तो बसवला आहे. मला वाटले होते शंभर पाहुणे तरी घ्यावेत. त्यांनी मला विचारले, "दादा, भांडी तू घासशील का?"

याच सुमारास शहरातली एक कंपनी पाड्यावर येऊन गेली. तिचा प्रस्ताव दिसायला देखणा होता. तंबू, मंच, दिवे, दोन रात्रींचा पावसाळी महोत्सव, जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी तारपा नाच. गावाला गाड्या लावण्याच्या जागेचे भाडे आणि नाचणाऱ्यांना रोज मिळणार होता. तरुण मुलांना ते पटले. रोख पैसा समोर दिसत होता, त्यांना मी दोष देत नाही. पण एका म्हाताऱ्याने तारप्यावर बोट ठेवले. तारपा हे सुगीचे वाद्य आहे. वाळका भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचे ते वाद्य मधला माणूस वाजवतो आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. या नाचाला पुढची बाजू नाही आणि मागची बाजूही नाही. मंचावर चढवला की बघणाऱ्यांकडे तोंड करावे लागते, गोल मोडतो आणि ओळ होते. "मग तो तारपा राहत नाही," एवढेच तो म्हणाला. ऑगस्टमध्ये तारपा वाजणार नाही, हे तिथेच ठरले. सुगी आली की लोक आपल्यासाठी वाजवतील.

बोहाड्याचेही कंपनीने विचारले होते. मुखवटे फार सुंदर असतात, फोटो चांगले येतात, हे खरे. पण बोहाडा हे रात्रभर चालणारे देवकार्य आहे. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे ते ठरलेले असते. आम्ही ख्रिस्ती कार्यकर्ते त्यात बसत नाही, आणि नेमके म्हणूनच तो तिकीट लावून दाखवण्याचा अधिकार आम्हाला मुळीच नाही. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांनीही तो विकायला नकार दिला. माझ्या वडीलधाऱ्या बंधूंच्या काळजीला एवढे उत्तर पुरावे. जे देवाचे ते त्या दिवशी मांडायचेच नाही. मांडायचे ते रान आणि स्वयंपाक.

आणि त्यात सांगण्यासारखे थोडे नाही. शेवळे शहरात फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्या पावसाला ते जमिनीतून वर येते. तसेच शिजवले तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. कुठल्या कोंबाला किती फळे, कुठला भाग टाकायचा, हे आईकडून मुलीकडे आले आहे. टाकळा कोवळा असतानाच खायचा. भारंगीची भाजी नीट शिजवली नाही तर कडू लागते. हे ज्ञान उपाशी दिवसांनी शिकवलेले आहे. म्हणून रानात फेरी घालताना पाहुण्यांच्या पुढे भाजी ओळखणारी बाई चालेल, आमचा कार्यकर्ता नाही, आणि वाटाड्याचा रोज तिला मिळेल. पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने काही खुडून तोंडात घालायचे नाही, कारण चुकीचे पान जिवावर बेतू शकते.

तारखेवरून खूप खल झाला. सरकारी रानभाजी महोत्सव बहुतेक 9 ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास असतात. त्या दिवशी आमची माणसे मिरवणुकीला तालुक्याला जातात. जूनमध्ये शेवळे असते, पण जून-जुलै पेरणी-आवणीचा, माणूस मोकळा नाही. शेवटी आवणी उरकल्यावरचा ऑगस्टमधला शनिवार धरला. करटोली, कोंब, अळू, भारंगी तेव्हा मिळते. शेवळे त्यात नाही, याची मला हळहळ आहे, पण भातापेक्षा पाहुणा मोठा नाही. रविवार टाळला तो उपासनेसाठी.

आता पवित्र शास्त्राकडे येतो. सण कसा साजरा करावा हे अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सांगितले आहे आणि तिथे माणसांची यादीच दिली आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, पोरका, विधवा. आनंद कोणाकोणाबरोबर करायचा ते नावे घेऊन सांगितले आहे, कारण ती नावे घेतली नाहीत तर नेमकी तीच माणसे बाहेर राहतात. ही यादी मी बायांच्या बैठकीत वाचून दाखवली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक विधवा बाई म्हणाली, "कातकऱ्यांचे नाव कोणी घेतलेच नाही." आमच्या पाड्यात वारली आणि कोकणा घरे आहेत. ओढ्याच्या पलीकडे कातकऱ्यांची सात झोपडी आहेत. त्यांना जमीन नाही, आणि भट्टीवर सर्वांत आधी तेच जातात. रान त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. आता खेकडे आणि ओढ्याची मासळी त्यांच्याकडून रोख पैसे देऊन घ्यायची आणि दोन कातकरी बाया चुलीवर असतील, असे ठरले आहे. सगळ्यांना ते आवडले असे नाही. दोन घरांनी अजून मान हलवलेली नाही. ठराव अडला तर इथेच अडेल, असे मला वाटते. तुम्ही प्रार्थनेत हा विषय ठेवावा.

ग्रामसभा मी वारंवार म्हणतो, त्याला कारण आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि साधनसंपत्ती राखण्याचा अधिकार दिला. 2006 च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे रानभाजीचा मालक ना मिशन, ना कंपनी. हिशेबाची वही बचत गटाकडे राहील आणि दुसऱ्या दिवशी पाड्यावर सर्वांसमोर वाचली जाईल. ताटाचे तीनशे रुपये ठरले आहेत. तुमच्यातल्या काहींना ते जास्त वाटतील. पाहुण्यांनी घासाघीस करू नये, हेही ठरावात घालायला मी सुचवले आहे.

एका प्रिय बंधूंनी विचारले की, जेवणाआधी पत्रिका वाटाव्यात का. माझे उत्तर नाही असे आहे. पाड्यात सर्व श्रद्धांची घरे आहेत आणि दिवस सर्वांचा आहे. पैसे देऊन जेवायला आलेल्या माणसाच्या हातात न मागता पत्रिका ठेवणे मला बरे वाटत नाही. पहाटे आपली मंडळी एका घरी जमून प्रार्थना करेल. पाहुण्यांपैकी कोणी विचारले तर आम्ही गप्प बसणार नाही. वही चोख ठेवली आणि कातकऱ्यांचे पैसे त्याच दिवशी दिले, तर साक्ष तिथेही होते.

आता तुमच्याकडे मागणे. कोणीतरी आपल्या आईवडिलांच्या नावाची कमान देऊ केली आहे. त्यांचे मन मोठे आहे, पण कमान नको. ऑगस्टमध्ये भाकरीला नागली लागेल आणि तेव्हा ती घरात नसेल. तीन घरांकडे आज थोडी शिल्लक आहे. ती चांगल्या भावाने आत्ताच विकत घेऊन कोठीत ठेवायला पैसे हवेत. पाण्याची दोन मोठी झाकणाची पिंपे हवीत. शौचालयांची दारे दुरुस्त करायची आहेत. नागलीचे पैसे गट परत करणार आहे, ते देणगी म्हणून सोडून देऊ नका, परत घ्या. बायांनी तशी अटच घातली आहे.

आणि तुम्ही स्वतः या, पण पाहुणे म्हणून, तीनशे रुपये भरून. मुलांना वाटायला बिस्किटे, जुने कपडे आणू नका. त्यासाठी वर्षाचे बाकीचे दिवस आहेत. फोटो काढण्याआधी विचारा. जमिनीवर बसायला त्रास होत असेल तर आधी कळवा, शाळेतून बाक आणून ठेवू. ठराव झाला की तारीख पुढच्या अंकात छापू, नावे त्यानंतर घेऊ. चाळीस नावे झाली की यादी बंद होईल, मिशनच्या माणसांसाठी वेगळ्या जागा ठेवलेल्या नाहीत.