पोटासाठी हुकूमशहा

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी एक जुनी म्हण आहे. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणूनच कित्येकांना पैशासाठी बाकीची सोंगे आणावी लागतात, हा त्या म्हणीचा उत्तरार्ध समजावयास हरकत नाही. युरोपच्या आग्नेय भागात कोसोवो नावाचा लहानसा देश आहे. तेथील मित्रोवित्सा या गावी राहणाऱ्या एका गृहस्थाने हा उत्तरार्ध प्रत्यक्ष करून दाखविला. सुमारे 2015 साली त्याची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकली. नाकाखाली आखूड चौकोनी मिशी आणि कपाळावर तिरपे ओढलेले केस पाहून कोणाच्याही तोंडून एकच नाव निघावे, ते म्हणजे हिटलर. लोक हौसेने त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेत, आणि त्याबद्दल तो पैसे घेई. हा मनुष्य मूळचा नट नव्हता. 1998-99 साली कोसोवोत जे युद्ध झाले, त्यात तो कोसोवो मुक्तिसेनेतून लढला होता.

लढाईतून जिवंत परतलेल्या शिपायाने विसाव्या शतकातील सर्वांत मोठी लढाई पेटविणाऱ्याचे रूप घ्यावे, आणि पाहणाऱ्यांनी त्याबद्दल आनंदाने पैसे मोजावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विनोदी वाटते. तथापि तिचा थोडा खोल विचार केला म्हणजे हा प्रश्न कोसोवोपुरता राहत नाही. तो थेट सोलापूरच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचतो.

सोलापूर जिल्ह्याला सोंगाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. पंढरीच्या या मुलुखात एकनाथांची भारुडे पिढ्यान्पिढ्या सोंगे घेऊन सादर होत आली. खेड्यापाड्यांतून बहुरूपी हिंडत. त्यांनाच कोठे रायरंद, तर कोठे भोरपी म्हणत. अंगात खाकी कपडे घालून, हातात काठी घेऊन हा खोटा पोलिस दारात उभा राही आणि दरडावून सांगे की, चला, तुम्हांला बोलावणे आले आहे. घरातली पोरे भेदरून आईच्या पदराआड लपत. मग ते बोलावणे कसल्यातरी अजब लग्नाचे आहे असे उघड होई, यमकांची सरबत्ती सुरू होई, आणि भेदरलेली पोरे खदखदा हसू लागत. शेवटी तो हात पुढे करी आणि पसाभर धान्य झोळीत घेऊन पुढच्या दाराकडे वळे. या धंद्यात एक इमान होते. खेळ संपताच सोंग उतरलेच पाहिजे, हे बहुरूप्याचे इमान. आणि प्रेक्षकाकडेही एक ज्ञान होते. खरा पोलिस दारात आला म्हणजे काय होते, हे त्याला पुरते ठाऊक असे. म्हणूनच खोट्याला तो मोकळ्या मनाने हसे. मूळ वस्तूची ओळख असेल तरच तिची नक्कल विनोद ठरते; ती ओळख नसेल तर नक्कल हीच मूळ वस्तू होऊन बसते.

आता मित्रोवित्साकडे वळावे. हे गाव इबार नदीने दुभागलेले आहे. युद्धानंतर उत्तरेस सर्ब आणि दक्षिणेस अल्बानियन अशी वस्तीची फाळणी झाली. त्या युद्धात 13,000हून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि सुमारे साडेआठ लाख अल्बानियनांना देशाबाहेर परागंदा व्हावे लागले. युद्ध संपले, 2008 साली स्वातंत्र्य जाहीर झाले, परंतु पुष्कळांच्या हातांना काम मिळाले नाही. लढलेल्या सैनिकांसाठी सरकारने निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा त्यातही सोंगे शिरली. 19,000हून अधिक लोकांना खोटेच माजी सैनिक ठरविले, असा आरोप सरकारी वकिलांनी 2018 मध्ये संबंधित समितीच्या सभासदांवर ठेवला. जेथे न लढलेले लोक सैनिकाचे सोंग घेतात असा संशय, तेथे एक लढलेला सैनिक हिटलरचे सोंग घेऊन पोट भरतो, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा.

परंतु नेमके हेच सोंग तेथे का खपावे? त्याचे एक कारण इतिहासात सापडते. 1941 साली जर्मनी व इटली यांनी युगोस्लाव्हियाचे तुकडे केले. सर्बांचे राज्य मोडले, आणि कोसोवोचा बराचसा भाग इटलीच्या ताब्यातील अल्बानियाला जोडला गेला. सर्बांच्या अमलाखाली भरडल्या गेलेल्या काही लोकांना हिटलर हा शत्रूचा शत्रू वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मात्र या हिशोबाची दुसरी बाजूही आहे. 1944 च्या मे महिन्यात नाझींनी उभारलेल्या अल्बानियन शिपायांच्या पलटणीने प्रिश्तिना येथील अडीचशेंहून अधिक ज्यू लोकांना पकडले. त्यांतील पुष्कळजण पुढे बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत पोहोचले व मेले. उलट शेजारच्या अल्बानियात त्याच रक्ताच्या शेतकऱ्यांनी, दिलेल्या शब्दाला जागून, आश्रयाला आलेल्या ज्यूंना घरांत लपविले आणि बहुतेकांना वाचविले. शत्रूचा शत्रू तो मित्र, या एका सूत्राने चालले म्हणजे अशा शेतकऱ्यांचा विसर पडतो.

गंमत अशी की ज्याचे हे सोंग, तो मूळ पुरुषही युद्धातून परतलेला एक शिपाईच होता, आणि तोही कसलेला सोंगाड्या होता. पहिल्या महायुद्धानंतर म्युनिकच्या सभांतून बोलू लागलेल्या हिटलरने हाइन्रिश होफमान या छायाचित्रकारासमोर उभे राहून हातवारे, मुठी, डोळे वटारणे यांची तालीम केली. ती चित्रे पाहून कोणता आविर्भाव ठेवावा व कोणता टाकावा हे तो ठरवी. 1932 साली पाउल डेव्हरिएंट नावाच्या संगीत रंगभूमीवरील गायकाकडून त्याने आवाजाची व हावभावांची शिकवणी घेतली. म्हणजे हुकूमशहा हे सोंग प्रथम त्यानेच घेतले, आणि बहुरूप्याचे इमान न पाळल्यामुळे ते अखेरपर्यंत उतरले नाही. त्याची किंमत कोट्यवधी लोकांनी दिली. सुमारे 60 लाख ज्यू पद्धतशीरपणे मारले गेले.

चार्ली चॅप्लिन याने 1940 साली आपल्या बोलपटात या सोंगाचे सोंग केले. दोघांचा जन्म 1889 च्या एप्रिलमधला, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने झालेला, मिशीही सारखीच. जग खूप हसले. तरीही छळछावण्यांत खरोखर काय चालले होते हे तेव्हा ठाऊक असते, तर आपण तो बोलपट काढूच शकलो नसतो, असे चॅप्लिनने पुढे 1964 साली आत्मचरित्रात लिहिले. इतक्या थोर विनोदकारालाही हसण्याची मर्यादा मूळ वस्तूच्या ज्ञानाने शिकविली.

आता प्रश्न आपल्या दारचा. भारतात हिटलरचे नाव उच्चारताना पुष्कळांच्या स्वरात भीतीपेक्षा कौतुक अधिक असते. 2006 साली नवी मुंबईतील एका उपाहारगृहाने आणि 2012 साली अहमदाबादेतील एका कापडदुकानाने त्याचे नाव पाटीवर लावले होते. दोन्ही ठिकाणी निषेध झाल्यावरच ते उतरले. याही कौतुकाच्या मुळाशी तेच सूत्र आहे: तो इंग्रजांचा शत्रू, म्हणून आपला मित्र. हे सूत्र तपासून पाहण्यास सोलापूरइतके योग्य गाव दुसरे नाही.

1930 च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला. राष्ट्रीय निशाण मिरविणे हा गुन्हा ठरला, आणि रस्त्यारस्त्यांवर लष्कराचा पहारा बसला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या वेळी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते लॉर्ड आयर्विन. हेच आयर्विन पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स झाले, आणि 1937 च्या नोव्हेंबरात हिटलरच्या भेटीस गेले. त्या भेटीत हजर असलेल्या एका इंग्रज मुत्सद्द्याने पुढे आठवणींत नोंदविले आहे की, हिंदुस्थानचा विषय निघताच हिटलरने सल्ला दिला: गांधींना गोळी घाला; तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना घाला; तेही पुरले नाही तर आणखी दोनशेंना घाला. मूठभर गोरे शिपाई हिंदुस्थानच्या सरहद्दीवर राज्य राखतात असे दाखविणारा 1935 चा एक अमेरिकन बोलपट त्याला फार प्रिय होता. आपल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवले की, हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच हाती राहिलेला बरा. युरोपात फिरणाऱ्या हिंदी स्वातंत्र्यवाद्यांची संभावना त्याने गारुड्यांत केली. सुभाषचंद्र बोस 1942 साली त्याला भेटले, तेव्हा त्यांनी या लिखाणाचा खुलासा मागितला. पण उत्तर टाळले गेले. ज्या राजवटीने सोलापूरच्या चौघांना फासावर चढविले, तिच्या माजी व्हाइसरॉयला हा मनुष्य आणखी गोळ्या झाडण्याचा उपदेश करीत होता. असा हा आपल्या शत्रूचा शत्रू!

त्या शत्रूशी प्रत्यक्ष झुंजलेली मराठी माणसेही कमी नव्हती. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे हे आपल्या तुकडीतील बाकीचे सर्व पडल्यावर एकटेच जर्मन मशीनगनवर धावून गेले आणि ती काबीज करून तेथेच पडले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी दोघा जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांतून पाठीवर वाहून आणले, मग शत्रूची मशीनगनची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव 1984 पर्यंत जगले. युद्धातून परतलेला सैनिक म्हटला म्हणजे महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर हे नाव यावयास हवे. किती घरांत येते, हे ज्याने त्याने पाहावे.

मित्रोवित्साच्या त्या गृहस्थाला दोष देणे सोपे आहे, पण पोटाची खळगी कोणाला चुकली? सोंग तो घेतो. परंतु त्या सोंगाचा अर्थ ठरवितो तो पाहणारा. पाहणाऱ्याला मूळ पुरुष ठाऊक असेल तर ती केवळ एक मिशी राहते; ठाऊक नसेल तर तीच मिशी उद्या आदर्श होते. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत. त्यांच्यापुढून मुलांना घेऊन जाताना या चौघांना कोणी मारले एवढेच सांगून थांबू नये. मारणाऱ्यांना आणखी मारा म्हणून सांगणारा कोण होता, तेही सांगावे. मग बहुरूपी कोणत्याही वेषात दाराशी आला, तरी हसावे केव्हा आणि दार लावावे केव्हा, हे त्या मुलांना निराळे शिकवावे लागणार नाही.