संत्राबागेतील डिंक्या आणि बोर्डो मलम

संत्र्याचं झाड पाच-सहा वर्षं पोसावं, अन् डिंक्यानं ते उभ्या उभ्या वाळावं, हे लहान बागवाल्याला परवडत नाही. फ्रान्सच्या बोर्डो भागात चोरांना भिववायला रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुना मारत; त्याच वेली केवड्यातून वाचल्या. १८८५ मध्ये तो उपाय जगापुढं आला.

एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात विरघळवा. एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात विझवा. गार झाल्यावर दोन्ही एकत्र ढवळा. भांडं लोखंडी नको, प्लॅस्टिकचं घ्या. सडकी साल खरवडून पावसाळ्याआधी व नंतर मीटरभर बुंधा लेपा. ओलिताला दुहेरी आळं करा. बुंध्याला पाणी लागू देऊ नका.