कागदावर मी कामावर होतो

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कोणी अभ्यासिकेतून मेसकडे निघालं असेल. आजचा विषय ऐकून पळू नका हं: जीडीपी आणि बेरोजगारी. व्याख्या तुमच्या पाठ असतील. माझ्याही होत्या. पण त्या मला कळल्या शेतात.

मार्च २०२०. मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. लॉकडाऊन लागायच्या आदल्या दिवसांत मेस बंद झाली, तशी बॅग भरली आणि बीड जिल्ह्यातलं आमचं गाव गाठलं. घरची चार एकर, कापूस आणि सोयाबीन. बाबा आणि दादा मिळून बघायचे. आता आम्ही तिघं झालो. कोणी विचारलं, "सध्या काय चाललंय?" की मी म्हणायचो, "शेती बघतोय."

एकदा फवारणी उरकून बांधावर बसलो होतो. बाबा सहज म्हणाले, "तू नसला तरी होतंय रे एवढं. तू आपला अभ्यास कर." बोलण्यात राग नव्हता. तरी लागलं, कारण खरं होतं. मी आलो म्हणून एक किलोही कापूस वाढला नव्हता. दोघांचं काम तिघांत वाटलं गेलं, इतकंच.

याला पुस्तकात म्हणतात प्रच्छन्न बेरोजगारी, म्हणजे छुपी. माणूस कामावर दिसतो, पण तो बाजूला झाला तरी उत्पादन कमी होत नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे रोजगार मोजायला नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होतं, पीएलएफएस. त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात पगाराशिवाय मदत करणारासुद्धा 'कामावर' धरतात. चालू साप्ताहिक स्थिती नावाचं एक माप आहे. त्यात तर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी एक तास काम केलं असलं तरी पुरतं. म्हणजे सर्वेक्षणवाले आमच्या दारात आले असते, तर मी बेरोजगार नव्हतोच!

असा मी एकटा नव्हतो. २०२०-२१ या आर्थिक वर्षात देशाचा जीडीपी सुमारे ६ टक्क्यांनी आकसला. शहरातली कामं गेली, लोक रस्त्याने चालत गावी गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. मग बेरोजगारी वाढायला हवी ना? पीएलएफएसचा वार्षिक दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता. २०१९-२० मध्ये ४.८ झाला आणि २०२०-२१ मध्ये ४.२. कमी झाला! त्याच काळात शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा साधारण ४२ वरून ४६ टक्क्यांवर गेला. यामागचं एक मोठं कारण सोपं आहे. गरीब माणसाला हातावर हात धरून बसणं परवडत नाही. तो मिळेल त्या कामाला लागतो, नाहीतर घरच्या शेतात उभा राहतो. आणि आकड्यातून गायब होतो.

बाकीचे प्रकार पटकन सांगतो. माझ्या मित्राने एक नोकरी सोडली, दुसरी मिळेपर्यंत दोन महिने घरी होता. ही घर्षणात्मक बेरोजगारी, फार काळजीची नाही. आमच्याकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात, गाळप संपलं की परत येतात आणि पुढचे महिने काम शोधत फिरतात. ही हंगामी. मंदीत मागणी आटली म्हणून काम गेलं, तर चक्रीय. आणि मुंबईच्या गिरण्या आठवा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आयुष्यभर माग चालवलेल्या माणसाचं कौशल्य नव्या मुंबईला नकोच होतं. ही संरचनात्मक. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. ऊसतोड मजुराला पावसाळ्यात गावात काम हवं, गिरणी कामगाराला नवं कौशल्य हवं होतं, आणि मला शेताबाहेरचं काम.

मग जीडीपी काय सांगतो? वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची किंमत. काही जण म्हणतात जीडीपी फेकून द्या. मी तसं म्हणणार नाही. कर किती येईल, कर्ज किती झेपेल, हे कळायला तो लागतोच. पण त्याला काय दिसत नाही, तेही बघा.

त्याच वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं. दवाखान्याने पुरवलेली सेवा जीडीपीत धरली गेली. आमच्या डोक्यावर कर्ज झालं, ते त्यात दिसत नाही. नंतर दोन महिने आईने बाबांचं पथ्यपाणी केलं, रात्री जागून काढल्या. जीडीपीत शून्य. तेच काम पगारी बाईने केलं असतं, तर धरलं असतं. घरी खायला पिकवलेली ज्वारीसुद्धा हिशोबात येते बरं का. पण त्या ज्वारीची भाकरी थापली, की ती मोजायची नाही! २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. जे पुरुष घरकाम करतात, ते ९७ मिनिटं. आणि असे पुरुष मुळात चारांत एक.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकेच्या संसदेला बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाचं कल्याण ठरवू नका. इशारा राहिला बाजूला, आकडा तेवढा हेडलाइनमध्ये आला.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर बातमी आली, की जीडीपी वाढला, बेरोजगारी घटली, तर आनंद जरूर माना. पण दोन प्रश्न विचारा. वाढलेलं उत्पन्न कोणाच्या घरात गेलं? आणि कामावर मोजलेल्या माणसाला त्या कामाचे पैसे मिळतात का?

मी पुढे परीक्षा सोडली, आता संभाजीनगरला नोकरी करतो. शेत बाबा आणि दादाच बघतात. कापूस तेवढाच निघतो.

आज एक गृहपाठ. घरी गेल्यावर आईला विचारा, "आज किती तास काम केलंस?" ती म्हणेल, "काही नाही रे, घरीच तर होते." मग स्वतः मोजा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!