पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" टाकी किती लिटरची, हे सहसा कोणी विचारत नाही. शीव-पनवेल महामार्गावर त्याची गरजही पडत नाही. पण फोर-बाय-फोर म्हणून हौसेने घेतलेली तीच गाडी मनाली-लेह रस्त्याला लागली की प्रश्न बदलतो. केलाँगच्या अलीकडे तांदीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असं सांगणारी तिथली पाटी प्रवाशांच्या कितीतरी फोटोंत दिसते. माझं म्हणणं एवढंच आहे, की रानवाटेसाठी बांधलेल्या गाडीची टाकी चांगल्या रस्त्यावरच्या ॲव्हरेजवरून ठरवू नये. ती सर्वांत वाईट रस्त्यावरून ठरवावी आणि कंपनीनेच पुरेशी मोठी द्यावी.

मारुती जिम्नीचं उदाहरण घ्या. टाकी ४० लिटरची आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीचं कंपनीने दिलेलं ॲव्हरेज लिटरला १६.९४ किलोमीटर. गुणाकार केला तर सुमारे ६७८ किलोमीटर होतात, म्हणजे तांदी ते लेह जवळजवळ दोनदा. पण हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. भरलेली गाडी, चढ, खडी, पाण्याचे ओढे आणि खिंडीतल्या कोंडीत चालू ठेवलेलं इंजिन धरून तो निम्मा केला, तर उरतात ३३९ किलोमीटर. पाटीवरचा पंप ३६५ वर आहे. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोराने फिरवणाऱ्या गिअरमध्ये, तर किलोमीटरचा हिशोबच निरर्थक ठरतो. जिम्नीत त्या गिअरला तेवढ्याच अंतरासाठी इंजिन दुप्पट फिरतं, त्यामुळे तिथे तासाला किती लिटर लागतं हे पाहायचं. शिवाय टाकीतलं सगळं इंधन हाती लागतं असंही नाही. तीव्र उतारावर किंवा गाडी एका अंगाला कलली असताना उरलेलं पेट्रोल कोपऱ्यात जमतं, टाकीतल्या इंधनपंपाचं तोंड उघडं पडतं आणि काटा रिकामं दाखवण्याआधीच इंजिन आचके देऊ लागतं. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या चारचाकींत २० टक्के मिश्रणामुळे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात दिला आहे. मारुतीचीच पूर्वीची ४० लिटर टाकीची जिप्सी आठवा. टाकी तेवढीच राहिली, पण तिच्यातले अडीच लिटर न सांडता कमी झाले.

यावर पहिला आक्षेप वजनाचा घेतला जातो, आणि मला तो सर्वांत कच्चा वाटतो. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, डिझेल थोडं अधिक. म्हणजे जिम्नीची भरलेली टाकी ३० किलोची झाली. तिच्यात आणखी २० लिटर मावले असते तर बाराशे किलोच्या गाडीवर १५ किलो वाढले असते, सव्वा टक्का. विंच आणि लोखंडी बंपर याच्या कितीतरी पट जड असतात, ते आपण आनंदाने बसवतो. वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व आहे. तेच २० लिटर कॅनमध्ये भरून छतावरच्या कॅरिअरवर बांधले, तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी उलटायला लागणारा कोन कमी होतो. चॅसीच्या पट्ट्यांमध्ये, तळाशी ठेवलेलं वजन उलट गाडीला धरून ठेवतं. आणि मोठी टाकी अर्धीच भरण्याची मुभा आपल्याला असते. लहान टाकीत जास्त भरण्याची मात्र कोणालाच नसते.

दुसरा आक्षेप असा, की सह्याद्रीत आता तालुक्या-तालुक्याला पंप आहेत. हे खरं आहे. माळशेज किंवा लोणावळ्याच्या आसपास एका दिवसासाठी जाणाऱ्याला ४० लिटर पुरतात. त्याने टाकीसाठी गाडी बदलू नये. पण मग कंपन्यांनी त्या गाडीची जाहिरात लडाखच्या डोंगरांत करू नये.

तिसरा आक्षेप जागेचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. टाकीला प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर आणि मागचा ॲक्सल चुकवायचा असतो. खाली उतरवली तर ती दगडाला लागते. तरीही पाच दारांची जिम्नी आणि तीन दारांची थार या दोघींची लांबी मिलिमीटरपर्यंत सारखी आहे, ३,९८५. थार जास्त रुंद आणि बरीच जड आहे, हे मान्य. पण तिच्यात ५७ लिटर मावतात. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखात ६३.५ मावतात. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटासाठी टोयोटाने लँड क्रूझर ७८ला ९० लिटरच्या दोन टाक्या दिल्या होत्या. ठरवलं तर जागा काढता येते.

थार नाशकात बनते, गुरखा पुण्याच्या कंपनीची आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्थाही पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. म्हणून इथल्या ग्राहकाने एक मागणी लावून धरावी: फोर-बाय-फोर गाडीच्या माहितीपत्रकात ॲव्हरेजच्या शेजारी फोर-लोमधला ताशी इंधनखर्च आणि उतारावर प्रत्यक्ष वापरता येणारे लिटर छापा. तोपर्यंत शोरूममध्ये पाऊल टाकाल तेव्हा आधी टाकी विचारा, मग ॲव्हरेज.